सोने : पैसा की मालमत्ता? अमेरिकेतील राज्यांचा प्राप्तिकर आणि एक जुना वाद



अमेरिकेच्या सरकारी टाकसाळीतून १९८६ सालापासून ‘ईगल’ म्हणजे गरुड या नावाचे सोन्याचे नाणे पाडले जाते. मोठ्या नाण्यात एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध सोने असते. त्याच्यावर छापलेली किंमत मात्र अवघी ५० डॉलर. कायद्याच्या दृष्टीने ते विधिग्राह्य चलन आहे. ५० डॉलरचे देणे फेडण्यासाठी ते कोणी पुढे केले तर ते रीतसर चलनच होय. अर्थात असा वेडेपणा कोणी करीत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ४००० डॉलरची पातळी ओलांडली आणि टाकसाळ स्वतःसुद्धा हे नाणे बाजारभावानेच विकते.

हेच नाणे घेतलेल्या गृहस्थाने काही वर्षांनी ते विकले, तर त्याच सरकारचे प्राप्तिकर खाते त्याला सांगते की, हा पैसा नव्हेच. ही मालमत्ता आहे. तीही साधीसुधी मालमत्ता नव्हे, तर ‘संग्राह्य वस्तू’. गालिचे, पुराणवस्तू, टपाल तिकिटे आणि मद्याच्या बाटल्या यांच्या पंक्तीत त्या कायद्याने सोन्या-चांदीला बसविले आहे. शेअर दीर्घकाळ ठेवून विकले तर केंद्रीय कराचा कमाल दर २० टक्के. सोन्याची वीट किंवा नाणे विकले तर कमाल २८ टक्के. १९९७ साली भांडवली नफ्यावरील कर उतरविण्यात आला, तेव्हा संग्राह्य वस्तूंना त्या सवलतीतून वगळले गेले आणि सोने त्यांच्याबरोबर मागे राहिले.

एका हाताने चलनाचा शिक्का मारायचा आणि दुसऱ्या हाताने वस्तू म्हणून कर घ्यायचा, या विसंगतीवर गेल्या सुमारे पंधरा वर्षांत अमेरिकेतील राज्यांच्या विधिमंडळांनी बोट ठेवले आहे. एकामागून एक राज्य आपल्या प्राप्तिकरातून सोने-चांदी वगळत आहे. वरवर पाहता ही कराची एक बारीकशी कलमबाजी वाटते. परंतु तिच्या मुळाशी, पैसा कशाला म्हणायचे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आहे.

आपल्याकडील श्रोत्याला प्रथम एक गोष्ट समजावून घ्यावी लागते. भारतीय राज्यघटनेने प्राप्तिकर केंद्राकडे दिला. राज्यांच्या वाट्याला केवळ शेतीच्या उत्पन्नावरील कर आला. त्यामुळे महाराष्ट्र शासनाने मनात आणले तरी सोन्यावरील प्राप्तिकराला ते हात लावू शकत नाही. अमेरिकेत तसे नाही. तेथे वॉशिंग्टनचा प्राप्तिकर वेगळा आणि राज्याचा वेगळा. टेक्सास, फ्लोरिडा, वायोमिंग अशी काही राज्ये व्यक्तीच्या उत्पन्नावर कर घेतच नाहीत. कॅलिफोर्निया भांडवली नफाही पगारासारखाच धरते आणि तेथील सर्वोच्च दर १३.३ टक्क्यांपर्यंत जातो. बहुतेक राज्ये आपला हिशेब केंद्रीय विवरणपत्रातील उत्पन्नाच्या आकड्यापासूनच सुरू करतात. परिणामी वॉशिंग्टनने सोन्यावरील नफ्याला उत्पन्न म्हटले की, तो आकडा आपोआप राज्याच्या विवरणपत्रात उतरतो. राज्याला तो नको असेल, तर त्याला मुद्दाम कायदा करून ‘एवढी रक्कम वजा करा’ असे लिहावे लागते. सगळी चळवळ या एका वजाबाकीच्या ओळीसाठी आहे.

राज्यांना हे धैर्य येते कोठून? अमेरिकेच्या राज्यघटनेतून. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना तयार झाली, तेव्हा स्वातंत्र्ययुद्धात छापलेल्या कागदी ‘काँटिनेंटल’ नोटांची रद्दी झालेली सर्वांनी पाहिली होती. ऱ्होड आयलंडसारख्या राज्याने तर १७८६ मध्ये नव्याने नोटा छापून त्या सावकारांच्या गळ्यात मारल्या होत्या. म्हणून पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात राज्यांवर स्पष्ट बंधन आले : सोन्या-चांदीच्या नाण्यांखेरीज दुसरी कोणतीही वस्तू राज्याने देणी फेडण्याचे साधन ठरवू नये. पुढे १७९२ च्या टंकन कायद्याने डॉलर म्हणजे किती, हे वजनानेच सांगितले : ३७१.२५ ग्रेन, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी. डॉलर हे त्या काळी एका वजनाचे नाव होते.

हे कलम आजही घटनेत आहे, कोणी ते काढलेले नाही. मात्र ते राज्यांना बांधते. केंद्राला बांधते की नाही, यावर मोठा वाद झाला. यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठी १८६२ साली कागदी ‘ग्रीनबॅक’ नोटा निघाल्या, तेव्हा अर्थखाते सॅल्मन चेस यांच्याकडे होते. पुढे हेच चेस सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले आणि १८७० साली, जुन्या कर्जांसाठी या नोटा लादणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय त्यांनी दिला. स्वतःच्या कारकीर्दीत निघालेल्या नोटा स्वतःच अवैध ठरविणारा असा अर्थमंत्री इतिहासात विरळाच! पुढल्याच वर्षी न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि कागदाचे राज्य कायम झाले.

खरा आघात १९३३ साली झाला. महामंदीत सापडलेल्या देशाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ५ एप्रिल रोजी आदेश काढला की, नागरिकांनी आपल्याजवळील सोन्याची नाणी, विटा आणि सुवर्णप्रमाणपत्रे १ मेपर्यंत बँकांत जमा करावीत. माणशी १०० डॉलरपर्यंतची नाणी आणि दुर्मीळ नाण्यांचे संग्रह तेवढे वगळले होते. न देणाऱ्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास. जमा केलेल्या सोन्याबद्दल औंसाला २०.६७ डॉलर कागदी चलनात मिळाले. जानेवारी १९३४ मध्ये सरकारने सोन्याचा भाव ३५ डॉलर ठरविला! म्हणजे डॉलरमागचे सोने एका फटक्यात ४१ टक्क्यांनी घटले आणि औंसामागे १४ डॉलरहून अधिक नफा सरकारच्या तिजोरीत गेला. त्यातूनच २०० कोटी डॉलरचा चलन स्थिरीकरण निधी उभा राहिला. सोन्यात फेड करण्याची करारांतील कलमे संसदेने रद्द केली आणि १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सरकारचा मार्ग मोकळा ठेवला. घरात सोने बाळगण्याचा हक्क सामान्य अमेरिकन माणसाला परत मिळाला तो थेट ३१ डिसेंबर १९७४ रोजी. तोवर १९७१ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष निक्सन यांनी डॉलर आणि सोने यांचा उरलासुरला धागाही तोडलेला होता.

आपल्या पिढीतील ज्येष्ठांना यावरून १९६३ चा सुवर्ण नियंत्रण हुकूम आठवेल. मोरारजीभाईंनी चौदा कॅरटची मर्यादा घातली आणि गावोगावच्या सोनारांच्या हातचे काम गेले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आपल्याकडे १९९० पर्यंत होता. सांगायचे एवढेच की, नागरिकाच्या घरातील सोन्याकडे संशयाने पाहण्याचा रोग कोणा एका देशाचा नाही.

आता कराच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, एखाद्याने जानेवारी १९८० च्या तेजीत औंसाला ८५० डॉलर देऊन सोने घेतले आणि सप्टेंबर २०११ मध्ये १८५० डॉलरला विकले. कागदावर नफा १००० डॉलर. परंतु या एकतीस वर्षांत अमेरिकेतील किरकोळ भावांचा निर्देशांक जवळजवळ तिप्पट झाला होता. १९८० चे ८५० डॉलर जेवढी खरेदी करू शकत होते, तेवढ्यासाठी २०११ मध्ये सुमारे २४८० डॉलर लागत. म्हणजे खरेदीशक्तीच्या हिशेबाने या गृहस्थाला औंसामागे सहाशेहून अधिक डॉलरचा तोटा झाला. तरीही त्याने ‘नफ्या’वर २८० डॉलरपर्यंत केंद्राला द्यायचे आणि वर राज्याचा हिस्सा निराळा! डॉलरची किंमत घसरू देणारे सरकारच त्या घसरणीला नफा म्हणून तिच्यावर कर घेते, हा सोन्याच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य आक्षेप आहे. तो खोडून काढणे कठीण आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०१५ च्या सुरुवातीला साधारण १२०० डॉलरने दहा औंस घेऊन २०२५ च्या ऑक्टोबरात ४००० ने विकणाऱ्याला २८,००० डॉलर नफा झाला. त्यातील सुमारे साडेचार हजार भाववाढीच्या खाती जातील. उरलेला नफा खराच आहे. त्यावर केंद्राचा कर कमाल दराने ७८४० डॉलर. आयडाहोच्या ५.३ टक्के दराने राज्याचा कर १४८४ डॉलर झाला असता. तो मात्र आता द्यावा लागत नाही. थोडक्यात, राज्याने कितीही उदार होऊन सूट दिली तरी मोठा घास वॉशिंग्टनच घेते. चळवळीच्या प्रचारपत्रकांत ‘सोने करमुक्त झाले’ अशा ललकाऱ्या असतात, त्या या हिशेबापुढे टिकत नाहीत.

पहिले पाऊल उटाहने टाकले. २०११ च्या मार्चमध्ये गव्हर्नर गॅरी हर्बर्ट यांच्या सहीने तेथे विधिग्राह्य चलन कायदा झाला. केंद्र सरकारने पाडलेली सोन्या-चांदीची नाणी हे राज्यात चलन होय. आणि एका चलनाच्या बदल्यात दुसरे चलन घेणे ही विक्री नव्हे, ती मोड करणे होय, अशी त्याची भूमिका. शंभराच्या नोटेची सुटी नाणी घेतली तर नफा कसला? अशा व्यवहारावर राज्याचा जेवढा भांडवली कर बसेल, तेवढीच रक्कम विवरणपत्रात करातून वजा करून मिळू लागली. युक्तिवाद घटनेच्या दहाव्या कलमावर नेमका बेतलेला होता. त्याची मर्यादाही तीच : सूट नाण्यांना; नुसत्या विटेला किंवा बिस्किटाला नाही.

ॲरिझोनाची कथा अधिक बोलकी आहे. तेथे विधिमंडळाने असे विधेयक संमत केले आणि २०१३ साली गव्हर्नर जॅन ब्रुअर यांनी ते नाकारले. २०१५ साली पुन्हा संमत झाले, ते नवे गव्हर्नर डग ड्यूसी यांनी नाकारले. दोघेही रिपब्लिकन, विधिमंडळही त्यांच्याच पक्षाचे! २०१७ च्या मार्चमध्ये माजी काँग्रेस सदस्य रॉन पॉल स्वतः राज्याच्या सिनेट समितीपुढे साक्षीला उभे राहिले. आयुष्यभर सोन्याच्या चलनाचा धोशा लावल्यामुळे स्वपक्षीयांनीही ज्यांना विक्षिप्त ठरविले, असे हे वृद्ध डॉक्टर. त्या वर्षी मात्र ड्यूसी यांनी सही केली. या कायद्यात प्रामाणिकपणाचे एक कलम आहे, त्याची दखल घेतली पाहिजे. सोने-चांदीच्या चलनातील नफा उत्पन्नातून वजा करायचा, तसा तोटा झाल्यास तोही परत उत्पन्नात मिळवायचा. सोने पैसाच असेल तर त्यात नफा नाही आणि तोटाही नाही. सूट हवी आणि तोट्याची वजावटही हवी, असा दुटप्पीपणा येथे चालत नाही.

त्यानंतर वेग वाढला. आर्कान्सास २०२३ मध्ये आले, नेब्रास्का आणि अलाबामा २०२४ मध्ये, आयडाहो २०२५ च्या मार्चमध्ये. आयडाहोत अशी विधेयके याआधी अनेकदा येऊन पडली होती. अखेर सर्वसाधारण करकपातीच्या विधेयकातच सोने-चांदीचे कलम घालून ते पार झाले. या नव्या कायद्यांची भाषा उटाहपेक्षा सैल आहे. ते नाण्यांबरोबर विटा-लगडींनाही कवेत घेतात. व्यवहाराच्या दृष्टीने हे सोयीचे. पण त्यामुळे घटनेच्या कलमाचा आधार थोडा निसटतो, कारण वीट हे कधीच कोणाचे नाणे नव्हते. मिसूरीने २०२५ मध्ये व्यक्तींच्या सर्वच भांडवली नफ्याला राज्य करातून वगळून हा प्रश्नच ओलांडून टाकला.

विरोधकांचे म्हणणे असे की, ही सूट सोने विकत घेण्याची ऐपत असलेल्यांनाच मिळते आणि शाळा-रस्त्यांच्या पैशांत तूट पडते. शिवाय भाववाढीचा अन्याय सोन्यावरच होतो काय? शेअर, जमीन यांनाही तो लागू आहे. यातील पहिला मुद्दा वजनदार आहे. दुसऱ्याला मात्र उत्तर आहे : राहत्या घराच्या विक्रीवरील नफ्यात अमेरिकन कायदा दांपत्याला ५ लाख डॉलरपर्यंत सूट देतो, शेअरला २० टक्क्यांची मर्यादा देतो; सर्वांत कडक दर ज्याच्या माथी मारला आहे, ते सोनेच आहे.

राज्यांच्या या भूमिकेला केंद्रीय न्यायालयांनी मात्र कधीही थारा दिलेला नाही. एका कंपनीने भागधारकांना सोन्याची जुनी नाणी वाटली. छापील किमतीवर कर आकारावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९८२ साली न्यायालयाने बाजारभावच धरला. लास वेगासमधील एका बांधकाम ठेकेदाराने तर कामगारांना मजुरी सोन्या-चांदीच्या नाण्यांत देऊन ती छापील किमतीने कमी दाखविली. २००९ साली तो दोषी ठरला आणि पंधरा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा त्याला झाली. संसदेत वेस्ट व्हर्जिनियाचे अॅलेक्स मूनी यांनी केंद्रीय करातूनही सोने-चांदी वगळण्याचे विधेयक वारंवार मांडले. ते संमत झाले नाही. तेव्हा राज्याच्या कायद्यावर विसंबून कोणी केंद्रीय विवरणपत्रात सोन्याचा नफा दडविला, तर त्याला उटाहचे किंवा ॲरिझोनाचे विधिमंडळ वाचवू शकणार नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांचा येथे प्रत्यक्ष संबंध येतो. त्यांच्याजवळचे सोने बहुधा विटांचे नसते. पाटल्या, बांगड्या, तोडे, ठुशी, मोहनमाळ असे असते. राज्यांच्या सवलती नाणी आणि विटा-लगडींसाठी आहेत. दागिन्यांना त्यांचा आधार गृहीत धरू नये. दागिना विकून नफा झाला तर तोही कमाल २८ टक्क्यांच्या वर्गातच मोडतो. अंगावर घालायचा दागिना तोट्यात विकला तर मात्र त्या तोट्याची वजावट मिळत नाही. आणखी एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आईने हयातीत दिलेल्या पाटल्या विकल्या, तर नफा मोजताना आईची मूळ खरेदी किंमतच धरावी लागते. त्याच पाटल्या तिच्या पश्चात वारसाहक्काने आल्या, तर तिच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव ही नवी किंमत होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या सोनाराच्या पावत्या आपल्या घरांत कोण जपून ठेवतो? देणगी म्हणून आलेल्या सोन्याची मूळ किंमत सिद्ध करता आली नाही, तर विक्रीची बहुतेक रक्कमच नफा म्हणून समोर येण्याचा धोका असतो.

आणि भाववाढीच्या ज्या प्रश्नावर अमेरिकेतील राज्ये धडपडत आहेत, त्याचे एक सरळ उत्तर आपल्या देशात तीस वर्षांहून अधिक काळ होते. १९९२ च्या अर्थसंकल्पापासून आपला प्राप्तिकर कायदा खरेदी किमतीला महागाईचा निर्देशांक लावू देत असे. वाढीव किंमत वजा केल्यावर उरेल त्यावर २० टक्के कर. जुने सोने विकणाऱ्याला कागदी नफ्यावर कर द्यावा लागू नये, हाच त्यामागील विचार. २३ जुलै २०२४ पासून सोन्यासाठी तो निर्देशांक गेला आणि सरसकट साडेबारा टक्के दर आला. दीर्घ मुदतीची अट छत्तीस महिन्यांवरून चोवीसवर आली. भाव वेगाने चढले असतील तेव्हा हा बदल विकणाऱ्याच्या फायद्याचा ठरतो, हे खरे. परंतु अमेरिकेतील १९८० च्या त्या खरेदीदारासारखी स्थिती ज्याची होईल, ज्याचे सोने महागाईच्याही मागे राहील, त्याला यापुढे तोट्यावरच कर भरावा लागेल. मुलीच्या लग्नासाठी थोडे थोडे सोने जमविणाऱ्या मध्यमवर्गीय घराला याची जाणीव असली पाहिजे.

अमेरिकेत तर हा वाद आता कराच्या पलीकडे सरकतो आहे. २०२५ च्या मे महिन्यात फ्लोरिडाच्या आणि जूनअखेर टेक्सासच्या गव्हर्नरांनी सोने-चांदीला राज्यात चलन म्हणून मान्यता देणाऱ्या कायद्यांवर सह्या केल्या. दोन्ही राज्यांत व्यक्तीवर प्राप्तिकर नाहीच. टेक्सासने २०१५ च्या कायद्याने राज्याची सुवर्णपेढी उभारण्याचे ठरविले आणि २०१८ मध्ये ती सुरू झाली. तेथे ठेवलेल्या सोन्याच्या खात्यावरून लोकांना देणी फेडता यावीत, अशी नव्या कायद्याची योजना आहे आणि तिच्या अंमलासाठी १ मे २०२७ ही तारीख घातली आहे. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्य उलट दिशेने गेले. त्याने सोन्या-चांदीला असलेली विक्रीकराची जुनी सूट काढून टाकली. त्यामुळे १ जानेवारी २०२६ पासून सियाटलमध्ये सोन्याचे नाणे घेणाऱ्याला दहा टक्क्यांहून अधिक कर मोजावा लागतो, तर शेजारच्या आयडाहोत तेच नाणे विकणाऱ्याला राज्याचा प्राप्तिकर शून्य आहे.